तांड्यावर शून्य

मोहझरीच्या पारासमोर मारोतराव निखाड्याचं घर हाये. त्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीले टेबल लावून, त्याची पोरगी अपेक्षा दिवसभर बसून राह्यते. पारावरच्या बुढ्याइले वाटते पोट्टी अजून अभ्यासच करते. कोणी विचारलं तर तिची माय विमलताई 'कॉम्प्युटरचं काम हाये' म्हणते अन् विषय पालटते. काम काय हाये ते विमलताईले समजत नाही, अन् समजून घ्याची तिले घाईही नाही. पोरगी घरात हाये, वेळेवर जेवते, एवढं तिले पुरते.

अपेक्षानं यवतमाळच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेपायी उमेदीचे सारे वर्षं घातले. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धराची, दुपारी डब्यातली थंडी भाजी खाची, अन् निकाल लागला का यादीत आपला नंबर पाहाचा. नंबर यादीच्या जवळून जाये, यादीत बसे नाही. शेवटच्या खेपेले निकाल आला तेव्हा ती बसस्टँडजवळ पोहे खाऊन राह्यली होती. मोबाईलवर यादी वरपासून खालपर्यंत पाह्यली, मोबाईल पर्समधी टाकला, अन् पोहेवाल्याले म्हणाली, "दादा, थोडी तर्री टाका यावर."

पेटी घेऊन गावात आली तेव्हा विमलताईनं रडू तयार ठेवलं होतं. पोरगी गळ्यात पडीन, मंग आपणही रडू, असं तिच्या मनात. पण पोरगी रडेच ना. तिनं पेटी खाटेखाली सारली अन् विचारलं, "आई, वरण हाये का?" शेवटी विमलताईनं ते रडू एकटीनंच चुलीपाशी वापरून टाकलं.

तेव्हापासून अपेक्षाले काही वाटत नसे. दुखत नसे, बरंही वाटत नसे. लय वेळ मांडी घालून बसलं का आपलाच पाय दुसऱ्याचा लागते, तसं तिले सारं अंग दुसऱ्याचं लागे. पायाले मुंग्या येऊन तो जागा तरी होते. तिले मुंग्याही येत नव्हत्या.

काम यज्ञेश्वर सरांनी लावून देल्लं. सर यवतमाळचे, बापआजापासून कचेरीत राह्यलेल्या घरातले. अभ्यासिकेत पोराइचे निबंध तपासून देत, म्हून अपेक्षाचं लिहिणं त्याइले माहीत होतं. आता ते एका संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सारं पाहत. संस्थेची एक पांढरी गाडी होती, जनावराइचा फिरता दवाखाना. घाटंजीच्या अंगानं गावोगावी ती फिरे. कोणाचं ढोर बिमार पडलं का त्यानं संस्थेच्या नंबरवर फोन कराचा. ऑफिसातली पोरगी नाव, गाव, जनावर अन् दुखणं विचारून कॉम्प्युटरात टाके. ती झाली एक नोंद. गाडी आली, डॉक्टरनं जनावर पाह्यलं, का नोंद बंद. पह्यले कोणत्या वारी कोणतं गाव हे ठरलेलं राहे. आता ते वार मोडले, अन् रोज सकाळी गाडी कुठी धाडाची हे ठरवाले संस्थेनं एक एजंट बसवला.

"एजंट?" मारोतरावनं विचारलं. "मंग कमिशन किती घेते?"

"माणूस नाही बाबा तो. कॉम्प्युटरातलीच अक्कल हाये."

"म्हणजे जेवाले घाला लागत नाही."

"नाही."

"मजा हाये तुह्या साहेबाची. आपला सालगडी तं धुऱ्यावर गेला नाही तं च्या मांगते."

या एजंटाले साऱ्या नोंदी वाचत बसाचं कारण नव्हतं. त्याच्या हातात टूल देल्ले होते, गड्याच्या हातात जसं आपण फावडं नाहीतर टिकास देतो तसे. त्यातलं एक टूल फक्त मोजे. त्याले गावाचं नाव द्याचं, उघड्या नोंदी मोजाच्या का बंद झालेल्या ते सांगाचं, का ते एक आकडा देऊन मोकळं. ज्या थांब्याचा आकडा मोठा, तिथं गाडी. अपेक्षाले काम होतं या टूलबद्दल लिहून द्याचं. टूल काय करते, केव्हा वापराचं, आकडा आला का त्याचा अर्थ काय घ्याचा.

"एक लक्षात ठेवा, अपेक्षा," सर फोनवर म्हणाले होते. "हे वाचणारा माणूस नाही. त्याला आपल्या भागातलं काहीही ठाऊक नाही. तुम्ही जे लिहाल तेच त्याला खरं वाटणार. जे लिहिणार नाही, ते त्याच्यासाठी नाहीच."

मारोतराव दारातून ऐकून राह्यला होता. फोन ठेवल्यावर म्हणे, "नव्या सालगड्यासारखंच हाये ना मंग. पह्यल्या दिवशी सांगा लागते, बाबू, हा धुरा आपला अन् तो पल्याडचा दुसऱ्याचा. नाही सांगतलं तं तो लोकाची तूर सोंगून आणते."

अपेक्षानं लिहून देल्लं. "हे टूल दिलेल्या गावाच्या नोंदी मोजते. नोंदीतला मजकूर दाखवत नाही, फक्त आकडा देते. गाडीचा मार्ग ठरवण्याआधी प्रत्येक थांब्यासाठी हे टूल वापरावे." एवढं झाल्यावर तिले वाटलं, उत्तर अर्धवट राह्यलं. परीक्षेत शेवटी एक ठाम वाक्य लिहाची सवय होती. तिनं लिहिलं, "आकडा शून्य आल्यास त्या थांब्यावर काम नाही असे समजून तो थांबा वगळावा."

सराइले तेच वाक्य आवडलं. "हे उत्तम. एजंटाला शंका राहता कामा नये."

अपेक्षा "हो सर" म्हणाली अन् कॉम्प्युटर बंद करून जेवाले गेली.

मोहझरीच्या मागं नाला हाये, अन् नाल्यापल्याड बरडावर बंजाऱ्याइचा तांडा. सरकारी कागदात तांडाही मोहझरीच. पण पायी जाचं म्हटलं तर नाला उतरून वर चढा लागते, बिमार जनावर काही तेवढं चालत नाही. म्हून मांगं प्रेमसिंग नायकानं संस्थेशी भांडून तांड्याचा थांबा अलग करून घेतला होता. गाडी बुधवारी तांड्यावर जाये अन् दुसऱ्या दिवशी मोहझरीत येये. एजंट आला अन् बुधवार गेला. तांड्यावर काही दिवस लोक बुधवारी बकऱ्या बांधून वाट पाहत बसले.

इकडं मोहझरीच्या पारावर मात्र गाडी घडीघडी येऊ लागली. मारोतरावले नवल वाटे. "आपल्या गावचे ढोरं एवढे बिमार केव्हापासून झाले?"

गाडीचा डायवर अमर नवीन होता, वणीकडचा. पारापाशी गाडी लावून तो हॉर्न वाजवे अन् मोबाईलमधी पाहून नावं घे. "मानीबाई राठोड कोण हाये? सुखीबाई जाधव?"

"ते तांड्यावरचे हायेत, बापू," पारावरचा एक बुढा म्हणे.

"तांडा वेगळा थांबा हाये काका. आज रूटमधी मोहझरी देल्ली."

"अरे, नाला उतरला का तांडाच हाये."

"गाडीत मशीन लावली हाये. थांबा सोडून गेलो का लगेच साहेबाचा फोन येते. तांड्याचा नंबर लागला का जाऊ ना तिथं."

"मंग मशीनलेच सांग, बकरीले सुई टोच म्हून."

पार हासे. डॉक्टर अभिषेक एखाद्या बैलाचा खूर पाहत, च्या पेत, अन् निघाच्या आधी प्रत्येक नावापुढं 'भेट दिली, जनावर आणले नाही' असं टाकून नोंद बंद करत. त्याइच्याजवळ दुसरं टाकाले काही नव्हतंच.

हे सारं अपेक्षाच्या खिडकीखाली होई. तिले नावं ऐकू येत, 'तांडा वेगळा थांबा' ऐकू येई, हासणं ऐकू येई. डोक्यावरचा पंखा जसा ऐकू येते तसं. ती टाईप करत राहे.

मानीबाई निखाड्याच्या वावरात वर्षानुवर्ष कापूस वेचाले येते. तिले नवरा नाही, वावर नाही. बकऱ्या हायेत. अपेक्षा लहान होती तेव्हा मानीबाई तिले फडक्यात गुंडाळून धुऱ्यावरच्या सावलीत निजवे, अन् आपल्या बकरीच्या पिल्लालेही बाजूलेच बांधे. विमलताई अजून चिडवते, "तुले माणसाची सवय नंतर लागली, बकरीची पह्यले."

त्या दिवशी अपेक्षा बायाइले पाणी घेऊन वावरात गेलती. बाया पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेल्या, कंबरेले कापसाची वटी बांधलेली, अन् तोंडं चालू.

"माह्या बकऱ्याइच्या नाकातून गळून राह्यलं," मानीबाई सांगून राह्यली होती. "तोंडात फोड आले, चारा धरत नाही. पिल्लं तं गेलेच. आता थोड्याच उभ्या हायेत, त्यातली कबरी पोटुशी. ते गेली का माह्यं काही राहत नाही."

"फोन कर ना मंग गाडीले," बाजूची सुखीबाई म्हणाली.

"केला ना वं. ते पोट्टी म्हणते, गाडी तुमच्या गावात येऊन गेली, तुमीनंच बकऱ्या आणल्या नाही. मी म्हटलं, बाई, मी तं इथीच बसून हावो, कोणती गाडी?"

"तुह्या बकऱ्या पाहून पयाली असन गाडी."

"पयाली असन नाहीतं काय. अपेक्षा, तू शिकलेली हायेस पोरी, तू लावून पाय ना एक डाव फोन. तुह्यं बोलणं ऐकतीन ते."

"लावतो, मावशी," अपेक्षा म्हणाली.

अन् लावला नाही. इसरली म्हणावं तं तेही खरं नाही. पालथ्या मडक्यावरून पाणी जाते तसं ते तिच्यावरून गेलं. घरी येऊन तिनं हात धुतले, सराइले पाठवाचं दुसरं काही होतं ते पाठवलं.

मंग मानीबाई वेचाले येईनाशी झाली. एक दिवस वाट पाह्यली, दोन दिवस पाह्यली. कापूस फुटून लोंबून राह्यला होता, अन् विमलताईचा जीव वर-खाली.

"जाय वं, पाहून ये मानीकडं. येत असन तं ये म्हणा, नाहीतं मी घाटंजीकडून बाया पाहातो."

अपेक्षा नाला उतरून गेली. तांड्यावर सकाळीच उन्हं चढले होते अन् लोक कामाले गेलते. मानीबाई घराच्या मागं बसली होती. बकऱ्या बांधाचे खुंटे ओळीत होते, पण दाव्याले जनावर थोडेच. बाकी खुंट्याइपाशी माती सारवून ठेवली होती. वास लय होता. कबरी उभी होती, मान खाली, नाकाले वाळलेली घाण, मागचे पाय भरलेले. पोट तेवढं गोल दिसे. मानीबाई फडकं ओलं करून तिचं नाक पुसून राह्यली होती.

"वेचाले येतं का विचारून राह्यली होती आई," अपेक्षा म्हणाली.

"हिले टाकून कशी येऊ?"

अपेक्षा उभीच राह्यली. काही बोलाचं म्हून म्हणाली, "गाडी नाही आली?"

"तूनं फोन लावलता ना?"

अपेक्षा रिकाम्या खुंट्याइकडं पाहू लागली. मानीबाईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं पदराच्या गाठीतून साधा मोबाईल काढला. "पुन्हा लावतो. तू ऐक, ते काय म्हणते ते."

फोन लागला. पल्याडच्या पोरीचा आवाज बाहेर ऐकू येये. नाव? मानीबाई राठोड. जनावर? बकरी. दुखणं? मानीबाईनं सारं सांगतलं, पोटुशी हाये तेही सांगतलं.

"गाव?"

"मोहझरी," मानीबाई म्हणाली.

"नोंद घेतली आहे," पोरगी म्हणाली अन् फोन कटला.

अपेक्षानं विचारलं, "मावशी, तांडा काहून नाही सांगतला?"

मानीबाईनं तिच्याकडं असं पाह्यलं का हे लेकरू खुळं हाये. "बाहेरच्याले तांडा कोण सांगते? गाव सांगतात. माह्या सासऱ्यानं लग्न झाल्या झाल्या सांगतलं होतं. ठाण्यात, दवाखान्यात, बजारात, कोणीही विचारलं कुठचे, तं मोहझरी म्हणाचं. तांडा म्हटला का समोरच्याचा आवाज बदलते. पह्यले तं कुठी चोरी झाली का लोक पह्यले तांड्यावरच येत. म्हून आमी सारेच मोहझरीचे." तिनं फडकं पिळलं. "तांडा आमी आपसात म्हणतो."

अपेक्षा तिथंच खाली बसली. बसाचं असं काही ठरवलं नव्हतं.

सारं तिच्या समोर होतं. तांड्यावरून फोन जाये, नोंद मोहझरीवर चढे. गाडी मोहझरीच्या पारावर येये, अमर नावं घे, माणसं नाल्यापल्याड. नोंद बंद होई. अन् एजंट दुसऱ्या दिवशी टूलले विचारे, मोहझरी तांडा, उघड्या नोंदी किती? टूल म्हणे शून्य. टूल खोटं बोलत नव्हतं. त्या नावानं खरंच एकही नोंद नव्हती. पण शून्याचा अर्थ काय घ्याचा, हे एजंटाले कोणी तरी लिहून देल्लं होतं.

ती घरी आली. विमलताईनं विचारलं, "येते का मानी?" तिनं नुसती मान हालवली अन् टेबलापाशी बसली. टूल उघडून स्वताच विचारलं. मोहझरी तांडा, उघड्या: शून्य. मोहझरी तांडा, बंद: शून्य. मोहझरी, बंद: आकडा पाहून तिनं एक डाव पुन्हा विचारलं. तेवढाच आला. तेवढे ढोरं साऱ्या मोहझरीत नसतीन.

तिनं सराइले फोन लावला अन् जसं होतं तसं सांगतलं. सरांनी मधात एकदाही तोडलं नाही.

"लक्षात आलं," ते म्हणाले. "गंभीर आहे. तुम्ही मजकूर दुरुस्त करून पाठवा. तपासून सोमवारी चढवू."

"सोमवारपर्यंत बकरी नाही राहणार सर."

"कोणाची बकरी?"

"मानीबाईची."

"अपेक्षा, मार्ग हाताने बदलायचा नाही असं आपणच संस्थेला सांगितलंय. एकदा बदलला की रोज प्रत्येक गावचा पुढारी फोन करेल. एजंट आणला तो त्याचसाठी. तुम्हाला कळतंय ना?"

"कळते सर."

अन् तिले कळतही होतं. सर वाईट माणूस नव्हते. फोन ठेवून ती खिडकीबाहेर पाहत राह्यली. पारावर कुत्रं निजलं होतं. मंग तिच्या ध्यानात आलं का मोहझरीवर आज पुन्हा मानीबाईची नोंद चढली, सुखीबाईचीही चढली असन. म्हणजे मोहझरीचा आकडा मोठा. म्हणजे उद्या गाडी इथंच येईन, हात लांबवला तर खिडकीतून लागीन एवढी जवळ, जशी ती या साऱ्या दिवसात येत राह्यली.

दुसऱ्या दिवशी अमरनं हॉर्न वाजवला तेव्हा अपेक्षा चप्पल घालून पारावरच उभी होती. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं अन् आत बसली.

"मॅडम?" अमर मागं वळला.

"तांड्यावर घ्या."

"आज तांडा नाही मॅडम. मशीन मोहझरी दाखवून राह्यली."

"मशीनले मीच लिहून देल्लं हाये. घ्या."

अमरनं डॉक्टरकडं पाह्यलं. डॉक्टर अभिषेक म्हणाले, "साहेबांचा फोन आला तर?"

"माह्याजवळ द्या."

पारावरचा बुढा म्हणाला, "जाय ना बे बाबू, पोट्टी गाडीत बसली तं सोडणार हायेस का तू?" अन् पार पुन्हा हासला. अमरनं गाडी फिरवली. नाल्याच्या रस्त्यानं सरळ उतरता येत नाही, वळसा घालून गेले. तेवढ्यात साहेबाचा, म्हणजे यज्ञेश्वर सराइचाच, फोन आलाही. अपेक्षानं तो घेतला, "सर, मी हावो गाडीत," म्हणाली, अन् सर "बरं" म्हणाले.

कबरी आडवी पडली होती. डोळे उघडे, पोट हालून राह्यलं होतं. डॉक्टरनं तिचा जबडा उघडून पाह्यला, पोटाले हात लावला, अन् उभे झाले. "आजी, हिला औषध देऊन आता उपयोग नाही. ज्या उभ्या आहेत त्यांना देतो. तांड्यावरच्या निरोगी बकऱ्या सगळ्या घेऊन या, त्यांना लस टोचू."

"हिलेही द्या," मानीबाई म्हणाली.

"उपयोग नाही म्हणतोय ना."

"द्या."

डॉक्टरनं देल्लं. अपेक्षानं कबरीची मान धरली होती. तांड्यावरच्या बाया बकऱ्या ओढत घेऊन आल्या, सुखीबाई दोन्ही काखेत पिल्लं घेऊन आली, प्रेमसिंग नायक खाटेवर बसून कोणाची पह्यले ते सांगत राह्यला. "गाडी बुधवारी येत होती तेच बरं होतं," तो म्हणाला. "वार आमाले पाठ होता."

कबरी दुपारच्या आधी गेली. पोटातली दोन पिल्लंही गेली. मानीबाईनं दावं सोडलं, गुंडाळलं अन् खुंट्यावर ठेवलं. दुसऱ्या बकऱ्या उभ्या होत्या, त्यातली एक चारा हुंगून पाहून राह्यली होती.

गाडी गेल्यावर अपेक्षा म्हणाली, "मावशी, गाडी येत नव्हती ना, ते माह्याच्यानं झालं. शून्य म्हणजे तिथं काम नाही, असं मी लिहून देल्लं होतं. तुमचं तिथं शून्य दिसे."

"आमी इथं असून?"

"हो."

"मंग आता काय लिहशीन?"

"ते पाहातो. पण मावशी, तुम्ही फोनवर तांडा सांगत जा. तांडा म्हटलं का नोंद सरळ इथं चढते, मंग काही भानगड नाही."

"नाही सांगणार," मानीबाई म्हणाली. रागानं नाही. उद्या पाणी येईन का विचारलं अन् नाही म्हटलं, तसं. "तो आवाज बदलते तो मी ऐकला हाये, तूनं नाही. तुह्या मशीनले समजाव तू. मी मोहझरीचीच हावो."

अपेक्षानं मानीबाईसंग कबरीले ओढून खड्ड्यापाशी नेलं, वरून चुना टाकला, माती लोटली, अन् नाला उतरून घरी आली.

टेबलापाशी बसून तिनं शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहाले लय वेळ लागला. "आकडा शून्य आल्यास त्या थांब्यावर काम नाही असे समजू नये. त्या नावाने नोंद नाही, एवढेच समजावे. काही वस्त्यांतले लोक फोनवर आपल्या वस्तीचे नाव सांगत नाहीत, मूळ गावाचे सांगतात, आणि ते पुढेही तसेच सांगतील. म्हणून वस्तीचा आकडा शून्य असला तर मूळ गावाचा आकडा पाहावा. मूळ गावाच्या नोंदी 'जनावर आणले नाही' म्हणून वारंवार बंद होत असतील, तर जनावरे वस्तीवर आहेत असे धरून गाडी वस्तीवर न्यावी. तरीही खात्री नसेल तर माणसाला विचारावे. थांबा आपल्या मनाने वगळू नये."

तिनं ते सराइले धाडलं. थोड्या वेळानं त्याइचा फोन आला.

"वाचलं. बरोबर आहे. पण फार लांब झालंय, अपेक्षा. एक ठाम वाक्य करता येणार नाही का? असं लिहिलं की एजंटाला शंका पडत राहील."

"पडू द्या सर."

सर म्हणाले, "बरं. सोमवारी चढवतो."

दिवस मावळता मावळता विमलताई वावरातून आली. पाय धुऊन आत येत तिनं विचारलं, "मानी येईन का उद्या?"

"उद्या नाही. परवा येतो म्हणे."

"अन् हा वास कशाचा येऊन राह्यला वं?"

"बकरीचा. हाताले हाये."

"मंग धू ना हात. सैपाक झाला, जेवाले बस."

"धुतो," अपेक्षा म्हणाली, अन् दोन्ही हात मांडीवर घेऊन तशीच बसून राह्यली.